मशीन दिलं, पुढे?

नगर

चि. छकुलीस,


तुझं पत्र आलं आणि आत्याला आनंदही झाला, रागही आला. पारध्यांच्या पालावरच्या पोरींसाठी शिवणवर्ग काढलास, हे वाचून तिने शेजारपाजारी सगळ्यांना सांगितलं. पण 'तीन महिन्यांत मुली पायावर उभ्या राहतील' हे काय लिहिलंस? थेट तुझ्या आजोबांची घाई! जाऊ दे, त्यांचा विषय निघाला की पत्र संपत नाही.

शिवण शिकवू की पार्लर, एवढंच तू विचारलंस. काहीही शिकव गं! चौथ्या महिन्यात त्या पोरींजवळ कोण असेल, ते आधी सांग.

युरोपातल्या रोमा मुलींचा दाखला दिलास. थोरली शिकलेली बाई धाकटीचा हात धरते, हे तुला फार आवडलं. त्या लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच तिकडे गेले, तेव्हा आवडणारच. पण त्यासाठी युरोपात कशाला जायचं, जामखेड काय लांब आहे? १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम मांडलं. गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, कुणाचं बाळंतपण अडलं, कुठे आपलं चुकलं ते एकमेकींना सांगायच्या आणि नवं शिकून गावी परतायच्या. वर्षानुवर्षं हेच. पुढे जुन्या बायकाच नव्यांना शिकवू लागल्या. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ १९८८मध्ये वॉशिंग्टनला जाऊन मोठमोठ्या आरोग्यतज्ज्ञांसमोर बोलून आल्या. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर हे झालं असतं?

सावित्रीबाई फुल्यांनीही शिक्षिकेचे धडे आपल्या नगरलाच घेतले, मिस सिंथिया फरार यांच्याकडे. त्या फरारबाई १८२७मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला आल्या आणि १८६२मध्ये इथेच वारल्या. प्रकल्प संपला म्हणून बोटीत बसल्या नाहीत. (हा टोमणा तुलाच आहे.)

आता शिवणाच्या मशीनचं. पोरीला ते दिलंस, तर ठेवायचं कुठे? पालात, पावसात? गावात चोरी झाली की पोलीस अजून आधी पालावर जातात. १८७१पासूनचा गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला, पण गावाच्या मनातून कुठे गेलाय? मशीनची पावती नीट ठेवायला सांग, चोरीचं म्हणून उचलून नेतील. जातीच्या दाखल्याचंही तसंच. पारधी अनुसूचित जमातीत, म्हणून त्यांना ६ सप्टेंबर १९५०पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. वैदूंसारख्या भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा. आयुष्यभर पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरलेल्या आजोबांचा कागद ती पोर आणणार कुठून? तहसीलच्या खेपा कोण घालणार तिच्याबरोबर?

शिवाय पंच आहेतच. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरायचा आणि तिथेच भटक्यांच्या जातपंचायतीही बसायच्या. लग्नं, दंड, बहिष्कार, सगळं तिथे ठरायचं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा झाला, चांगलं झालं. पण मुलगी पंचांपुढे उभी राहील तेव्हा शेजारी कायद्याचं पुस्तक उभं राहणार नाही. पारधी समाजातल्याच सुनीता भोसले यांचं 'विंचवाचं तेल' आत्याने तुला मुद्दाम दिलं होतं. वाचलंस? वाचलं असशील तर परत कर, नसशील तर आधी वाच. अशी पालावरचीच एखादी खंबीर बाई तुझ्या वर्गात हवी, आणि तिला मानधन हवं. फुकट राबवू नकोस.

आणि शेवटी एका ओळीत लिहिलंस, सगळ्यात हुशार पोरीचं लग्न ठरतंय म्हणून! सोळाचीच ना ती? एवढी गोष्ट ताज्या कलमात? मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला फोन केलास तर पालावरची माणसं तुला पुन्हा उभं करणार नाहीत, नाही केलास तर पोर हातची जाईल. आत्याला रात्री झोप लागली नाही. आधी तिच्या आईला गाठ. तारीख जवळ असेल तर मात्र कुणाची भीड न धरता फोन कर. एकटी जाऊ नकोस. बरोबर कोण येतंय, ते लगेच कळव.

तुझी,
आत्या