भोरड्यांचं आभाळ

पौषात माकणीची रानं जड होतात. बालाघाटातून आलेली तेरणा इथं धरणापाशी थांबते, रुंद होते आणि मग मांजरेच्या वाटेला लागते. फुगवट्याच्या कडेनं ज्वारीची कणसं भरत आलेली असतात. दिवस कलला की या पाण्यावरून भोरड्या येतात.

आधी नुसता डाग दिसतो. तो पसरतो, आवळतो, त्याची एक कड उलटते आणि हजारो पंख एकदम वळतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. मध्य आशियातल्या खडकाळ माळांवर टोळ खाऊन पिलं वाढवायची आणि हिवाळा आपल्या ज्वारीवर काढायचा, ही यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. राखणदाराला त्या शत्रू वाटतात, आणि त्यात त्याचं चूक नाही. तरी थवा वळताना गोफणीचा हात क्षणभर थबकलेला मी पाहिलाय.

या थव्याला पुढारी नसतो. रोममध्ये भोरडीच्याच कुळातल्या पाखरांचे थवे छायाचित्रांवरून मोजले गेले. 2008 साली निष्कर्ष आला: प्रत्येक पाखरू जवळच्या सहा-सात पाखरांचाच अंदाज धरून उडतं, मग ती वीतभर अंतरावर असोत की चार हात. एवढ्या मोजक्या नात्यांतून अख्ख्या आभाळाला वळण कळतं.

असाच एक थवा आपल्या डोक्यातही आहे, सुमारे 86 अब्ज चेतापेशींचा. माणूस बोटही न हलवता स्वस्थ पडलेला असतो, तेव्हाही मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंचे हालचाल सांभाळणारे भाग एकाच लयीत चढत-उतरत असतात. 1995 साली संशोधक भरत बिस्वाल यांनी हे दाखवून दिलं. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ताडताना कानाच्या वरचा-मागचा भाग आणि कपाळामागचा मधला भाग असेच मिळून जागे होतात. हसू खरं की वरवरचं, गप्प बसणं रागाचं की थकव्याचं, हे उमगतं ते अशा लांबलांबच्या दुव्यांमुळं. आपल्या नकळत हे अखंड चालू आहे, या विचारानं हात आपोआप जोडले जातात.

स्वमग्नतेत, म्हणजे ऑटिझममध्ये, हे दुवे वेगळ्या रीतीनं जुळलेले असतात. लांबचे दुवे कमी पडतात, असं 2004 मध्ये अमेरिकेतले संशोधक मार्सेल जस्ट यांनी मांडलं. पुढे अनेक केंद्रांतून अकराशेहून अधिक जणांची मेंदूचित्रं एकत्र केली गेली, तेव्हा गुंता वाढला. काही दुवे क्षीण होते, काही उलट जास्तच घट्ट, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. आजही निदान होतं ते माणसाचं वागणं-बोलणं निरखूनच.

आमच्या बांधापलीकडं सहा वर्षांचं एक लेकरू आजीबरोबर राखणीला येतं. शब्द थोडे. हाक मारली तर बहुधा वळत नाही. एके दिवशी ते ताटांमध्ये उकिडवं बसून एकेका कणसातला दाणा नखाखाली दाबत होतं. पांढरा चीक आला की दाणा टाकायचा. न फुटता चेपला की बाजूला ठेवायचा. मूठभर जमल्यावर उठलं, आजीची मूठ उघडून त्यात दाणे ओतले आणि तिच्या पदराकडं बघत उभं राहिलं. तोंडाकडं नाही.

"हुरड्याला आलंय म्हणतंय बघा," आजी म्हणाली. "कालपास्नं मागं लागलंय. मीच म्हणलं, अजून दुधात हाय राजा."

तिचं कालचं बोलणं त्यानं धरून ठेवलं होतं, आणि काय दाखवलं म्हणजे तिला पटेल, हेही त्याला ठाऊक होतं.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. एकमेकांना न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, असं त्यांनी 2012 मध्ये लिहिलं. पुढे 2020 मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी एक गोष्ट आठ-आठ जणांच्या साखळीतून पुढं पाठवून पाहिली. स्वमग्न माणसांच्या साखळीत ती इतरांइतकीच शाबूत पोचली. मिश्र साखळीत मात्र गळत गेली. 2025 च्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीही मागं पडली नाही. मला हा दुसरा निकाल अधिक मोलाचा वाटतो. मधला बांध ओलांडता येतो, असं तो म्हणतो. आणि आजीनं तर तो कधीच ओलांडलाय.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे, जवळच्या शाळेत शिकण्याचा हक्कही आहे. जूनमध्ये लेकरू शाळेत जाईल. आजी बाईंना आत्ताच भेटून आलीय. "नुसत्या हाका मारत बसू नका बाई," तिनं सांगितलंय, "आधी त्याच्या हातात काय हाय ते बघा."