गवताखालचे गाव

नागपूरहून सिवनीकडे जाणारा जुना ७ क्रमांकाचा महामार्ग आता ४४ क्रमांकाने ओळखला जातो. मनसर मागे पडले की सागाचे रान रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागते. पौषातल्या पहाटे या रानावर धुके इतके दाट उतरते की समोरून येणाऱ्या मालमोटारींचे दिवे तेवढे दिसतात. पेंच आणि कान्हा ही राष्ट्रीय उद्याने पाहण्यासाठी निघालेला प्रवासी अशा वेळी शाल लपेटून, खिडकीची काच पुन्हा पुन्हा पुसत बसलेला असतो. त्याची गाडी लांबच लांब पुलांवरून जाते; मात्र एवढ्या पुलाला साजेशी नदी खाली दिसत नाही. रस्ता चौपदरी करताना अरण्याचे दोन तुकडे पडू नयेत, म्हणून वन्यप्राण्यांसाठी पुलाखालच्या वाटा मोकळ्या ठेवल्या गेल्या. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा ९ वाटा आहेत. २०१९ मध्ये तेथे लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी १८ जातींचे वन्यप्राणी टिपले, आणि त्यांत वाघही होता. ज्याच्या दर्शनासाठी प्रवासी पुढे धावत असतो, तो कदाचित त्याच वेळी पुलाखालून मुकाट्याने पलीकडच्या रानात निघालेला असतो.

पेंचच्या दरवाजातून उजाडता उजाडता उघड्या जीपगाड्या आत शिरतात. वाघाचा ध्यास घेतलेल्या नजरेला प्रारंभी दुसरे काही दिसतच नाही. चितळांचा कळप ही केवळ वाघ जवळ आहे की नाही हे सांगणारी खूण ठरते. तास-दीड तास निष्फळ गेला की डोळे निवळतात. मग वानरांनी फांदीवरून टाकलेला पाला चितळे खाली वेचून खात आहेत, वानर उंचावरून दूरचे पाहते आणि चितळ वाऱ्यावरचा गंध ओळखते, एकाच्या इशाऱ्यावर दुसऱ्याचा जीव तगतो, हे सारे हळूहळू उलगडू लागते. वाघ न दिसलेली सकाळ वाया गेली असे मानणाऱ्याला अरण्याचे हे पान वाचता येत नाही.

हे रान पुष्कळांनी पाहण्याआधी वाचलेलेच असते. रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या ‘द जंगल बुक’मध्ये मोगलीला याच सिवनीच्या डोंगरांत वाढवले. बालपणी वाचलेल्या त्या कथांतून लांडगे, अस्वल आणि शेरखान तेवढे लक्षात राहतात. १८९५ च्या दुसऱ्या भागातील एका कथेची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही. तीत मोगली सूड म्हणून हत्ती, हरणे आणि रानडुकरे एका गावावर सोडतो. पिके नष्ट होतात, माणसे परागंदा होतात, आणि पावसाळा सरता सरता गाव रानाच्या पोटात जाते. सिवनीहून पुढे कान्हाची वाट धरणाऱ्या प्रवाशाने ही कथा मनात जागी ठेवावी.

मंडला जिल्ह्यात शिरता शिरता साग विरळ होतो आणि सालाची सदाहरित सावली सुरू होते. या सालवनाच्या मध्ये कान्हाची विस्तीर्ण कुरणे पसरलेली आहेत. सखल भागात पहाटे गवताच्या पात्यांवर दवाचा बर्फ होतो. ते हिंव सालाच्या कोवळ्या रोपांना मारते आणि कुरणाला कुरण म्हणून राखायला हातभार लावते. हिवाळा हा येथील बाराशिंग्यांच्या मीलनाचा काळ. धुक्यातून नरांचे लांब, खर्जातले ओरडणे ऐकू येते.

या प्राण्याचे येथे असणे ही गृहीत धरण्याजोगी गोष्ट नव्हे. कठीण जमिनीवर वावरणारी बाराशिंग्याची ही उपजात १९७० मध्ये अवघ्या ६६ जिवांपर्यंत घसरली होती. बाराशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो आणि उंच गवतातच आपले पाडस लपवतो. गवताच्या जागी शेते आली, उरलेल्यावर गुरे चरली, वणवे लागले, शिकार झाली. मग लपायला जागा उरली नाही. कान्हाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ मध्येच मिळाला होता. कागदावरच्या त्या सीमेने गवत वाढले नाही. पुढे उद्यानाच्या आतली गावे बाहेर हलवली गेली, हिंस्र श्वापदांपासून सुरक्षित असे कुंपण उभारून काही बाराशिंगे आत वाढवले गेले, आणि संख्या सावरली. आज ती हजाराच्या घरात आहे. २०१५ पासून येथले बाराशिंगे सातपुड्याच्या रानातही नेऊन सोडले गेले.

बाराशिंग्यांचे एक आवडते कुरण सौंफ या नावाने ओळखले जाते. सौंफ हे गावाचे नाव होते. उद्यानाच्या आतून उठवलेल्या अशा गावांतून बैगा आणि गोंड राहत. धरणीमातेच्या छातीवर नांगर चालवणे पाप, अशी बैगांची जुनी श्रद्धा. म्हणून राखेत बी फेकून होणारी बेवर शेती त्यांनी पत्करली होती. त्यांना बाहेर जमिनी मिळाल्या, तरी रानाशी असलेला शेकडो वर्षांचा व्यवहार कोणत्या मोजमापाने भरून द्यायचा? स्थलांतरापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे सांगणारा वनहक्क कायदा २००६ चा आहे. सौंफ उठले तेव्हा तो नव्हता.

या हिशेबात एकच बाजू खरी धरून सुटका होत नाही. गाव राहिले असते तर बहुधा हे हरीण राहिले नसते. हरीण राहिले, याची किंमत मात्र ते पाहायला येणाऱ्याने दिलेली नाही. ‘मानवाचा स्पर्श न झालेले अरण्य’ असे शब्द येथे सहज तोंडी येतात. ते उच्चारणाऱ्यापुढचे कुरण माणसाने जंगल तोडून घडवले आणि माणसालाच घालवून राखले, हे त्याच्या गावी नसते.

ऊन वर येते, धुके विरते. एक नर गवतात शिंगे घुसळतो आणि मान उचलतो, तेव्हा त्याच्या शिंगांना ओल्या गवताचे झुबके लटकत असतात. माद्यांपुढे मिरवण्यासाठी केलेला हा त्याचा शृंगार. जीपगाड्यांतून कॅमेऱ्यांची टकटक सुरू होते. तो मात्र संथ पावले टाकीत, जेथे कधीकाळी गावाची शेते होती त्या जमिनीवरून पलीकडे जातो.