आधी का नाही सांगितलंस?



आमच्या खापरखेड्याच्या वर्गातली, सातवीतली मुलगी. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन रेंगाळली आणि हळूच शाळेच्या रिक्षातल्या माणसाचं सांगितलं. दोन महिने चाललं होतं म्हणे. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "आधी का नाही सांगितलंस?" झालं, पोरगी गप्प.

हाच प्रश्न एका मोठ्या विदुषीलाही विचारला गेला होता. डॉ. क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड, अमेरिकेतल्या संशोधक मानसशास्त्रज्ञ. १९९६ मध्ये पीएच.डी., मग पालो अल्टो विद्यापीठात प्राध्यापक. २७ सप्टेंबर २०१८ ला त्यांनी सिनेटच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं की, १९८२ मध्ये, आपण पंधरा वर्षांच्या असताना, ब्रेट कॅव्हनॉ यांनी आपल्यावर लैंगिक हल्ला केला. कॅव्हनॉ यांनी ते साफ नाकारलं. घरी कशा पोचलात, ते बाईंना आठवत नव्हतं. त्या दोन मुलांचं हसणं मात्र पक्कं आठवत होतं. असं का, हेही त्यांनी आपल्याच विषयाच्या आधारे समजावलं: भीतीच्या क्षणी मेंदूत जी रसायनं सुटतात ती तेवढा प्रसंग हिप्पोकॅम्पसमध्ये कोरून ठेवतात, बाकीचं पुसट होतं. लोक तरी विचारतच राहिले, छत्तीस वर्षं काय करत होतात? ६ ऑक्टोबरला ५० विरुद्ध ४८ मतांनी कॅव्हनॉ सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

मग लगेच सांगितलं तर विश्वास ठेवतात का हो?

आपल्याच विदर्भातलं मथुरा प्रकरण घ्या. मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणं. मजुरी करणारी आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा. तिने तर बाहेर येताच, त्याच रात्री, लोकांना सांगितलं. खालच्या कोर्टात पोलीस सुटले. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हटलं. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही! उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. उशिरा बोललेलीला "आधी का नाही?" आणि लगेच बोललेलीला "ओरडली का नाही?" मी त्याच रांगेत जाऊन उभी राहिले होते.

शाळा सुटल्यावर तिला परत जवळ घेतलं. म्हटलं, "मघाशी माझं चुकलं बेटा. आठवेल तेवढंच सांग." तिने सांगितलं. पण "कुणाला सांगू नका" म्हणाली तेव्हा हो म्हणता आलं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असं कळल्यावर पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे. तेही तिला समजावून सांगितलं. (१०९८ हा नंबर वर्गात लावून ठेवा.)

ठाण्यात जायच्या आधी मुख्याध्यापिका आणि मी तिच्या घरी गेलो. आई रडायला लागली. तिला आधीच म्हटलं, "ताई, आधी का नाही सांगितलं, एवढं तेवढं विचारू नका."

"मग काय विचारू, मॅडम?"

"जेवली का, ते विचारा."