मेमसीजी

लिनक्सच्या कर्नलमध्ये एक दिवाणजी बसलेला आहे. कागदोपत्री नाव मेमरी कंट्रोलर. रोज त्याच्याशी गाठ पडणारे त्याला मेमसीजी म्हणतात. रूप म्हणाल तर सीग्रुपच्या, म्हणजे प्रोसेसच्या गटाच्या, डिरेक्टरीतल्या काही फायली. उघडल्या की बहुतेकींत एखादाच आकडा. डिस्कवर त्या फायली नसतातच. तुम्ही वाचायला गेलात की कर्नल तिथल्या तिथे आकडा काढून देतो.

घराणं गूगलचं. पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये प्रोसेसचे गट बांधण्याचं काम सुरू केलं, ते जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ या आवृत्तीत कर्नलमध्ये आलं. मेमरीचा हिशेब ठेवण्याचं काम आयबीएमच्या बलबीर सिंग यांनी लावून धरलं आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, २.६.२५ बरोबर, आमचे दिवाणजी रुजू झाले. त्याआधी मर्यादा घालता येई ती एकेका प्रोसेसला. तिनं वीस चाइल्ड प्रोसेस काढल्या की प्रत्येकीला पुन्हा तेवढीच मुभा. सगळ्या कुटुंबाचा एकत्र हिशेब विचारणारा कुणी नव्हता.

हा पानापानाचा हिशेब ठेवतो. पान म्हणजे बहुतेक यंत्रांवर ४ केबी. प्रोग्रामनं एक जीबी मागितली तरी हा वहीला हात लावत नाही. त्या जागेत पहिल्यांदा काही लिहिलं गेलं, की त्या एका पानाची नोंद होते. जो पहिला स्पर्श करील, पान त्याच्या गटाच्या नावे. दोन गटांनी एकच फाइल वाचली तर सगळा बोजा आधी वाचणाऱ्यावर. मला हे फार दिवस अन्यायाचं वाटे. पण प्रत्येक पानाचे वाटे पाडत बसला असता तर हिशेबातच यंत्राचा दम निघाला असता, हे आता पटतं.

लोक त्याला मारेकरी म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. मेमरी डॉट मॅक्स या फायलीतली मर्यादा गाठली की तो आधी घर आवरतो. डिस्कवरून पुन्हा वाचता येतील अशी फायलींची पानं सोडून देतो, स्वॅप असेल तर काही तिकडे हलवतो. एवढं करूनही जागा झाली नाही, तरच मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा ओओएम किलर येतो, आणि तोही त्याच गटातला बळी शोधतो, सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेला. मागे राहतो १३७ हा एक्झिट कोड: १२८ अधिक सिग्नल क्रमांक ९.

असा १३७ मी आठवडाभर सोसला आहे. अहवाल तयार करणारा माझा प्रोग्राम रोज रात्री मरे. त्याची स्वतःची मेमरी मर्यादेच्या निम्मीही नव्हती. शेवटी तो चालू असताना दिवाणजींची तपशीलवार हिशेबाची फाइल, मेमरी डॉट स्टॅट, उघडली, तर शेअर्ड मेमरीची ओळ फुगत चाललेली. तात्पुरत्या फायली मी टीएमपीएफएसवर ठेवत होतो, म्हणजे रॅममध्येच. त्यांना परत जायला डिस्क नाही, यंत्रावर स्वॅप नाही. दिवाणजी सोडणार काय? त्यानं प्रत्येक पान माझ्या नावावर बरोबर लिहून ठेवलं होतं.

त्याचा खरा चांगुलपणा आहे मेमरी डॉट हाय या फायलीत. तेजुन हिओ यांनी घडवलेली सीग्रुपची दुसरी आवृत्ती मार्च २०१६ मध्ये ४.५ या कर्नलबरोबर अधिकृत झाली, त्यातली ही सोय. हायची रेषा ओलांडली की दिवाणजी प्रोसेसचा वेग आवळतो, पानं सोडवायला लावतो, पण केवळ ती रेषा ओलांडली म्हणून कुणाला मारत नाही. लो आणि मिन या फायली उलट बाजूच्या: बाकीच्यांना चणचण भासली तरी या गटाचं एवढं राखायचं. इतकी समज त्याच्यापाशी असताना आपण भरतो फक्त मॅक्स. हाय आपण न भरता सोडली तर तिथे ‘मॅक्स’ हाच शब्द असतो, म्हणजे मर्यादाच नाही. मग इशाऱ्याची पायरी गाळून गट थेट भिंतीवर आदळतो.

तेव्हा मॅक्स लिहाल त्या दिवशी तिच्या थोडी खाली हायही लिहा. आणि १३७ दिसला तर मर्यादा दुप्पट करण्याआधी मेमरी डॉट स्टॅट एकदा ओळीनं वाचा.