दोष कोणाचा?

घरांत एखादी वस्तु बिघडली, म्हणजे ती कां बिघडली यापेक्षां कोणीं बिघडविली, याचाच शोध प्रथम सुरू होतो. एकत्र कुटुंबाचा हा जुना परिपाठ आहे; आणि आम्हीही त्याला अपवाद नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

आमच्या घरीं सन २००५ मध्यें घेतलेला एक टेबलावरचा संगणक आहे. त्याहून चपळ यंत्रें आतां घरांत पुष्कळ आलीं. परंतु कैलासवासी दादांनीं गांवोगांव हिंडून जमविलेला आमचा कुलवृत्तान्त याच्याच पोटांत असल्यामुळें त्याला जागेवरून हलविण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

गेल्या श्रावणांत एके सकाळीं तो सुरू होईना. आंतला पंखा फिरे, पण पडदा काळाच. आणि थांबून थांबून एक लांब शिटी तेवढी ऐकूं येई. आदल्या रात्रीं दादांचा मुलगा त्यापाशीं बसलेला आम्हीं पाहिला होता. झालें! ‘खेळ खेळून शेवटीं वाट लावलीस ना?’ असें आम्ही पंक्तींत सर्वांदेखत बोललों. मुलगा एक अक्षर न बोलतां पानावरून उठला. त्यानंतर आठ दिवस त्यानें आमच्याशीं भाषण केलें नाहीं.

दुरुस्तीवाल्यानें तर झांकण न उघडतांच ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ असा निकाल दिला. आमचा न्याय आणि त्याचा न्याय एकाच मासल्याचे, असें मनांत आलें व आम्ही थोडे वरमलों.

अखेर एका रविवारीं आम्ही स्वतःच बैठक मारली. सोप्याकडून अवघडाकडे जावयाचें आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम ठरविला. कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. विजेची तार काढली, अंगांतील स्थिर विद्युत् जावी म्हणून सांगाड्याच्या धातूला हात लावला, आणि मऊ कुंचल्यानें वर्षांची धूळ झाडली. बोर्डावरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर पाहिले. सुमारें १९९९ ते २००७ या काळांतील पुष्कळ बोर्डांवर ते फुगून निकामी होत. आमच्यांचे माथे सपाट होते. वीजपुरवठ्याची पेटी उघडण्याचें धाडस मात्र केलें नाहीं. तार काढल्यावरही तिच्या पोटांत घातक विद्युत् राहूं शकते. यंत्र पुन्हां जोडून तिच्या बाहेरच्या ताराच मापकानें तपासल्या. पिवळीवर १२, तांबडीवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट; सारें जेथल्या तेथें होतें.

मग राहिली ती शिटी. संगणक सुरू होतांना प्रथम आपली अंगपरीक्षा करतो. पडदा उजळण्यापूर्वींच दोष आढळला, तर तो सांगण्यास त्याच्यापाशीं शिटीवांचून दुसरी भाषा नसते. प्रत्येक कारखान्याच्या खुणा निराळ्या. आमच्या बोर्डाच्या पुस्तिकेंत, लांब शिटी पुनःपुन्हां येणें म्हणजे रॅमचा दोष, असें स्वच्छ छापलेलें होतें. शिवाय शिटी देण्यास बोर्ड व प्रोसेसर यांच्यांत जीव असावा लागतो. म्हणजे ‘बोर्ड गेला’ हा निकालच खोटा! जें तक्रार करतें तें मेलेलें नसतें. भ्यावें तें मौनाला.

मौनाचा विचार मनांत आला, आणि आम्हीं पुतण्याला हांक मारली. तो आला, पण दारांतच उभा राहिला. ‘जरा उजेड धर,’ एवढेंच आम्ही म्हणालों.

तार पुन्हां काढून रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या. पावसाळी हवेनें त्यांच्या सोनेरी कडा काळवंडल्या होत्या. खोडरबरानें त्या हलकेंच घांसल्या, एकच पट्टी बसविली, आणि बटण दाबलें. एकच आंखूड शिटी झाली व पडदा उजळला! दुसरी पट्टीही मग चालली. घड्याळ तेवढें मागें गेलें होतें. बोर्डावरची ३ व्होल्टांची, नाण्याएवढी सी. आर. २०३२ बॅटरी संपली होती, आणि पडद्यावर तारीख होती १ जानेवारी २००५. त्या दिवशीं दादा हयात होते.

पुतण्या त्या तारखेकडे बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘काका, त्या रात्रीं मी खेळत नव्हतों. बाबांचें लिखाण वाचीत होतों.’

यावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहींच नव्हतें. प्रथम त्या लिखाणाच्या दोन नकला केल्या. एक वहिनींच्या कपाटांत ठेविली, दुसरी परगांवीं आत्याबाईंकडे पाठविली. आणि रात्रीं पंक्तींत सर्वांदेखत सांगितलें, कीं दोष ओलसर हवेचा होता, व त्याहून मोठा आमचा होता. दोष देतांना पंक्ति चालली, तर कबुलीला एकांत कां शोधावा?

मुलानें मान वर केली नाहीं. परंतु ताकभात संपवितां संपवितां तो म्हणाला, ‘काका, बॅटरी आणायला उद्यां मीच जाईन.’