१६७४ चे ‘धबभप’ कसे होते?

१/ अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘पब्लिअस’ या टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे हे त्यांचे कर्ते. पण काही निबंध नेमके कोणाचे, हा वाद दीर्घकाळ चालला. संगणकावरील एका नामांकित आज्ञेचे मूळ या वादात आहे.

२/ १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमधील ली मॅकमहॉन यांना शैलीवरून या निबंधांचे कर्तृत्व तपासायचे होते. युनिक्सच्या ‘एड’ या संपादकाला एवढा मजकूर पेलवत नव्हता. केन थॉम्प्सन यांनी ‘एड’मधील शोधयंत्रणा वेगळी काढली, तीच ‘ग्रेप’. पुढे मॅकमहॉन यांनीच ‘सेड’ लिहिले.

३/ मजकूर म्हणजे ओळी आणि अक्षर म्हणजे एक बाइट, हे या साधनांचे गृहीतक. इंग्रजीपुरते ते पुरेसे होते. १९९२ मध्ये थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात यूटीएफ-८ ची आखणी केली आणि जगातील लिप्यांना युनिक्सच्या फायलींत जागा मिळाली. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते.

४/ आता एखाद्या बखरीच्या दोन प्रती ताडून पाहायच्या आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आड येऊ नये म्हणून अभ्यासक ‘टीआर’ या आज्ञेने सर्व दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व करतो. लिनक्सवर वर्षानुवर्षे प्रचलित असलेले जीएनयूचे ‘टीआर’ वेलांटी पाहत नाही. तिचे सुटे बाइट पाहते आणि ते जिथे जिथे आढळतील तिथे बदलते. परिणामी ‘पेशवे’चे ‘पइशवइ’ होते आणि १६७४ चे ‘धबभप’! त्रुटीचा संदेश एकही नाही. ‘पइशवइ’ निदान डोळ्यांना खुपते. हजार पानांतला एखादा बिघडलेला आकडा कोण पाहणार?

५/ ‘सेड’ला यूटीएफ-८ चा लोकेल दिला, तर हीच अदलाबदल बिनचूक होते. पण तिथेही ‘क्षि’ हे एक अक्षर नसून चार चिन्हे आहेत: क, हलन्त, ष, वेलांटी. वाचकाला दिसणारे अक्षर मोजायचे असेल, तर अक्षरगट ओळखणारे पर्ल किंवा राकू अधिक विश्वासार्ह.

६/ अर्थात तीही युनिकोडच्या नियमांनी बांधलेली. देवनागरीतील जोडाक्षर हा एकच अक्षरगट, हा नियम युनिकोडमध्ये आला तो १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली. त्याआधीच्या नियमांवर चालणारे पर्ल ‘क्षि’चे अजूनही दोन तुकडे करते.