जहाज येईल तेव्हा चेकआउट

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर डोळे टिपायचे, मग हॅवलॉक, नील, जमलं तर बाराटांग, आणि परतीचं विमान गाठायचं. (हॅवलॉक आता स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम; पण जिभेवरची जुनी नावं इतक्या लवकर उतरत नाहीत.) लिटल अंदमान या यादीत नसतं. तेवढ्याचसाठी मी आणि माझी नणंद तिकडे निघालो.

पोर्ट ब्लेअरपासून दक्षिणेला शंभराहून जास्त किलोमीटर. हेलिकॉप्टर आहे, पण आमच्यासारख्या हिंडफिऱ्यांनी आजारी माणसाची जागा अडवू नये. आम्ही सरकारी जहाज धरलं. डंकन पॅसेज लागल्यावर ते असं काही डोलू लागलं, की नणंदेने आवळासुपारीची अख्खी पुडी संपवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

लिटल अंदमानचं बंदर म्हणजे हट बे. तिथल्या धक्क्यापासून थोडं वर, चढावर आमचं लॉज होतं. खालच्या मजल्यावर मालकांचं घर आणि खानावळ, वरती ओळीने खोल्या. दोन पलंग, मच्छरदाण्या, खडखडणारा पंखा, गरम पाणी हवं तर सांगून बादलीने. काउंटरमागे फळा होता. त्यावर खोल्यांचे दर असतील असं मला वाटलं, तर त्या होत्या जहाजांच्या तारखा. खडूने लिहिलेल्या, बोटाने पुसलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या. नणंदेने सवयीने विचारलं, "चेकआउट कितने बजे?" मालक, म्हणजे दादा, म्हणाले, "जहाज आएगा तब, दीदी." आम्हाला तो विनोद वाटला.

तिथे उजाडतं फार लवकर. घड्याळ मिर्झापूरच्या रेखांशाचं आणि बेट त्याच्याही दहा अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य 40 मिनिटं आधीच हजर. आपल्या मुंबईच्या मानाने तर सव्वा तासाचा फरक. पहाटे पाचच्या सुमारास खोलीत लख्ख उजेड, आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी साडेपाचला दिवे. उशिरा उठणाऱ्या माझ्या नणंदेला दादांच्या बायकोने, म्हणजे बौदीने, पहिल्याच दिवशी सुनावलं की इथे सात वाजता बाजारातला मासा संपतो.

मोठा रस्ता एकच, पूर्व किनाऱ्याने उत्तरेला जाणारा. लोक गावांची नावं फारशी घेतच नाहीत. किलोमीटरचा आकडा सांगितला की जीपवाल्याला पुरतं. बटलर बेचा किनारा 14 वर. लांबलचक वाळू, मागे नारळ, माणूस नाही, आणि मगरींपासून सावध करणारी पाटी. मगर दिसली नाही. वाळूतल्या बारीक माश्या मात्र पोटऱ्यांवर तुटून पडल्या. रात्रभर खाजवून झाल्यावर बौदीने खोबरेल आणून दिलं आणि म्हणाली, हे जाण्याआधी लावायचं असतं.

वाटेत एकाएकी जंगल संपतं आणि तेलताडाच्या रांगा सुरू होतात, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. ही 1970 च्या दशकातली सरकारी लागवड. पुढे पुण्याची कल्पवृक्ष, मुंबईची बीएनएचएस आणि अंदमानातली एक अशा पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या, आणि 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जंगलातली तोड थांबवायला आणि असल्या लागवडी हळूहळू बंद करायला सांगितलं. ज्या बेटाचं नावही आपल्या सहलीच्या पत्रकात नसतं, त्याच्या झाडांसाठी आपल्याकडचे लोक भांडले, हे मला तिथे उभी असताना फार बरं वाटलं.

हे जंगल मुळात ओंगी आदिवासींचं. 1901 च्या जनगणनेत ते 672 होते, 2011 मध्ये 101. डुगाँग क्रीकच्या त्यांच्या वस्तीकडे बाहेरच्यांना जायला मनाई आहे, आणि ती असावीच. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत समुद्र मागे हटलेला पाहून ते उंचावर निघून गेले आणि वाचले. हट बेचा बाजार मात्र त्या दिवशी धुऊन निघाला. दादांचं जुनं हॉटेल खाली, बाजारातच होतं. ते जेवता जेवता सांगत होते, मधेच थांबून म्हणाले, "डाल और लीजिए." नवं लॉज चढावर का बांधलं, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

आमच्या निघायच्या आदल्या दिवशी वारा उठला. पोर्ट ब्लेअरला वादळाचा बावटा लागल्याची बातमी आली आणि दादांनी फळ्यावरची तारीख पुसली. नवी लिहिली नाही. त्या रात्रीपासून बेट काय असतं ते ताटात दिसायला लागलं. आधी कोथिंबीर आणि टोमॅटो गेले, मग कोबी, मग कांदा एका माणसाला एक फोड. मासेही नाहीत, कारण होड्या काठावर. उरला भात, डाळ, अंडं आणि बौदीच्या परसातली कच्ची केळी. त्या केळ्यांची तिने मोहरी वाटून केलेली भाजी मी हॉटेलात खाल्लेल्या कुठल्याही जेवणापेक्षा वर ठेवीन. वरच्या खोल्यांत एक शाळामास्तर, एक औषधविक्रेता आणि आम्ही, सगळेच अडकलेले. संध्याकाळी खाली पत्ते पडायचे. इंटरनेटची समुद्राखालची तार इथवर 2020 मध्ये पोचली, त्यामुळे घरी कळवता येत होतं. मुलाने विचारलं, "नक्की कधी येणार?" मी म्हटलं, "जहाज येईल तेव्हा," आणि मास्तर हातातले पत्ते टाकून हसले.

जहाज आलं ते भल्या पहाटे. दादांनी दारं ठोठावून उठवलं. हिशेब करायला बसलो तर वाढीव दिवसांचं फक्त जेवण धरलेलं, खोलीचं भाडं नाही. मी जास्तीच्या नोटा पुढे केल्या, त्यांनी मागे सारल्या, नणंदेने पुन्हा पुढे केल्या. "जहाज नहीं आया, उसका पैसा हम क्यों लें?" ते म्हणाले, आणि धक्क्यावर कांद्याची पोती उतरवून घ्यायला आमच्या पुढेच निघून गेले.